कुलुपातले आर्जिनिन

१

टाकीतून फेस उतू जाऊ लागला तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते, आणि टाकीखाली आच नव्हती.

त्या कारखान्यात अमिनो आम्लांचे क्षार तयार होत. रुग्णांच्या पोषणासाठी लागणारा एक क्षार तर गेली दहा वर्षे तेथे अगदी एकाच रीतीने सिद्ध होत आला होता. कोमट पाण्यात आर्जिनिनची पांढरी पूड विरघळवायची आणि मग त्यात ग्लुटामिक आम्ल एकेक डाव घालीत जायचे. ग्लुटामिक आम्ल नुसत्या पाण्यात फारसे विरघळत नाही, तळाशी हट्टाने बसून राहते. आर्जिनिनच्या द्रावणात मात्र ते पाहता पाहता दिसेनासे होते. एकाची आम्लता आणि दुसऱ्याची दाहकता परस्परांत शमते आणि उरतो तो दोघांहून सौम्य असा क्षार. हे सारे निःशब्द घडते. दहा वर्षांत त्या टाकीने कधी बुडबुडाही काढला नव्हता.

त्या दिवशी तिसऱ्या डावालाच द्रावण पांढरे झाले, आतून खदखदले आणि वर चढू लागले. टाकीवरचा मुकादम मागे सरला म्हणून त्याचे पाय वाचले. फेस काठावरून उतरला, टाकीच्या पायांवरून ओघळला आणि जमिनीवरून मोरीकडे निघाला. टाकीतल्या मालाचा तिसरा हिस्सा तरी त्या वाटेने गेला.

मालकांची लेक कारखान्याची रसायनतज्ज्ञ होती. तिने आर्जिनिनच्या पिंपात उरलेल्या पुडीतली चिमूटभर काचेच्या बशीत घेतली आणि तिच्यावर सौम्य आम्लाचा थेंब सोडला. पूड फसफसली. लेक एवढेच म्हणाली, "सोडा."

आर्जिनिन काढून घेऊन कुणीतरी त्या जागी धुण्याचा सोडा भरला होता, हा त्या एका शब्दाचा अर्थ सगळ्यांना कळला. पिंप कोठारात होता. कोठाराला एकच कुलूप होते आणि त्याची एकच चावी होती. ती एकतीस वर्षे एकाच माणसाच्या कमरेला होती. त्याला सारे कुलूपकाका म्हणत, कारण तो कुलूप लावल्यावर दोनदा ओढून पाही आणि चार पावले जाऊन परत येऊन तिसऱ्यांदा ओढी. त्याच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते.

दहा वाजता कोठारातले त्याचे कपाट उघडले गेले. जुन्या वह्यांच्या मागे पत्र्याचा एक डबा होता. त्यात पांढरी पूड होती. वजन केले तेव्हा ती पावणेदोन किलो भरली.

मालकांनी विचारले, हे काय आहे. काकांनी डब्याकडे पाहिले नाही. "चावी माझ्याच जवळ होती," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही."

एवढे बोलून ते स्टुलावर बसले आणि दुपारपर्यंत पुन्हा बोलले नाहीत.

२

मालकांची आत्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत छत्तीस वर्षे विद्यार्थ्यांकडून प्रयोग करून घेत असे. प्राध्यापक व्याख्यान देत, आणि ते खरे की खोटे हे आत्याच्या ओट्यावर ठरे. विद्यार्थ्यांनी तिचे नाव पुन्हाकरा बाई ठेवले होते. आता तिचे वय चौऱ्याहत्तर होते, गुडघे कुरकुरत होते, आणि सकाळी वर्तमानपत्र वाचताना कुणी हाक मारली की तिच्या कपाळावर जी आठी पडे ती संध्याकाळपर्यंत मोडत नसे. त्या दिवशी तिला वर्तमानपत्राच्या दुसऱ्याच पानावरून उठवून गाडीत बसवले होते.

मालकांनी तिला आपल्या खोलीत नेऊन सगळी हकीकत सांगितली. सांगताना ते तीन वेळा मूळ मुद्दा सोडून वडिलांच्या आठवणीत शिरले, आणि तिन्ही वेळा आत्याने त्यांना मागे खेचून आणले. टेबलावर बडतर्फीचा लिफाफा होता. पाच वाजता तो काकांच्या हाती द्यायचा आणि मग चौकीवर तक्रार नोंदवायची, असे ठरले होते. काकांना मालकांच्या वडिलांनी नेमले होते. मालकांची लेक तान्ही असताना महिन्याच्या महिन्याला तिचे वजन कोठारातल्या काट्यावर काकाच करीत.

"मग माझं काय काम?" आत्याने विचारले. "ठरवून झालंय की तुमचं सगळं."

मालकांनी मान खाली घातली. "तू एकदा बघ आणि त्यांनीच केलं असं सांग, आत्या. मग माझा जीव सुटेल."

उत्तर आधी लिहून मग आकडे जुळवणारी मुले आत्याने आयुष्यभर पाहिली होती, आणि त्यांतले एक आज आपल्याच घरात निघाले याचा तिला मनस्वी वैताग आला. ती उठली, गुडघ्याला बोल लावला आणि म्हणाली की प्रश्न ती विचारील, उत्तरे लोकांनी द्यावीत, आणि विचारले तेवढेच द्यावे.

ही शेवटची अट कुणीच पाळली नाही.

३

मुकादमाला तिने विचारले की पूड पिंपातून टाकीत कुणी आणली. त्याने उत्तरादाखल काकांविरुद्धची दहा वर्षांची गाऱ्हाणी मांडली. साधा डाव मागितला तरी सही, परत केला तरी सही, आणि धुतलेला नाही म्हणून पुन्हा परत. जेवणाच्या सुट्टीत चावी मागितली तर काका जेवण टाकून स्वतः उठून येत, पण चावी देत नसत. आत्याने तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला. अखेर कळले ते असे की सकाळी काकांनी मुकादमासमोर पिंप काट्यावर ठेवला, माल बरोबर चाळीस किलो भरला, त्यातला पंधरा किलो काकांनी स्वतः मोजून दिला आणि मुकादमाने तो सरळ टाकीत नेला.

"बरोबर चाळीस?"

"काट्याला काटा," मुकादम म्हणाला. "त्यांच्याकडे कधी तोळाभर कमी नाही आणि तोळाभर जास्त नाही. माणूस छळवादी आहे, बाई, पण वजनाचा पक्का. म्हणूनच माझं डोकं चालत नाही."

माल पुरवणाऱ्या पेढीचा प्रतिनिधी तोवर धावत आला होता. त्याच्या गोड बोलण्यावरून कारखान्यात त्याला साखऱ्या म्हणत. त्याने आत्याच्या प्रकृतीची चौकशी केली, तिच्या विद्वत्तेची स्तुती केली आणि पाच प्रमाणपत्रे मांडली. माल शुद्ध होता, कोरडा होता, आत जाड पिशवी होती, बाहेर पिंपाला कडे होते. टाकीत जाणारे मोकळे आर्जिनिन आणि आर्जिनिनचे हायड्रोक्लोराइड, म्हणजे त्याचाच एक क्षार, असे दोन पिंप एकाच दिवशी एकाच गाडीतून उतरले होते. आत्याने त्याला विचारले की मोकळ्या आर्जिनिनच्या पिंपावर काही सूचना असते का. तो म्हणाला, असते, नेहमीचीच, घट्ट बंद ठेवा. आणि पुन्हा स्तुतीकडे वळला. आत्याने त्याला चहा प्यायला पाठवले, कारण तो चहा पिताना तरी गप्प बसेल अशी तिला आशा होती.

लेकीची उत्तरे मात्र नेमकी होती. माल आला त्या दिवशी तिने दोन्ही पिंपांतले नमुने तपासले होते. तेव्हा आम्लाच्या थेंबाने काही झाले नव्हते. आतल्या पिशव्यांची तोंडे तिने स्वतः क्रमांक असलेल्या पट्ट्यांनी बांधली होती. जुना माल संपल्याशिवाय नवा फोडायचा नाही, हा कारखान्याचा नियम. त्यामुळे हे दोन्ही पिंप पाच महिने वापरात नव्हते. आज पाहिले तर मोकळ्या आर्जिनिनच्या पिशवीवर पट्टी नव्हती. साधा पांढरा दोरा होता, आणि त्याची गाठ काकांची होती. कोठारातल्या प्रत्येक गोणीला तीच गाठ असे.

"आणि दुसरा पिंप? हायड्रोक्लोराइडचा?"

तो तिने पाहिलाच नव्हता. त्याने फेस काढला नव्हता.

आत्याने डोळे मिटून घेतले. "बाळ, ज्याने फेस काढला नाही त्याला आधी विचारायचं असतं."

दोघी कोठारात गेल्या. काका स्टुलावरून उठून उभे राहिले आणि त्यांनी नजर भिंतीकडे लावली. दुसऱ्या पिंपाचे कडे काढले. त्या पिशवीवरही पट्टी नव्हती. पांढरा दोरा होता, आणि गाठ तीच होती.

४

प्रयोगशाळा लहान होती पण नेटकी होती. लेकीने सांगितले की बाहेरच्या मोठ्या यंत्रावर नमुना पाठवला आहे, आठ दिवसांत अहवाल येईल. आत्याने विचारले की मूस आहे का. होती. दिवा आहे का. होता.

"मग आठ दिवस कशाला हवेत?"

तिने चिनी मातीच्या तीन मुशी मांडल्या. पहिलीत पिंपातली पूड घेतली. दुसरीत तीच पूड, पण मोरीजवळच्या डब्यातला चिमूटभर धुण्याचा सोडा मिसळून. तिसरीत काकांच्या कपाटातल्या डब्यातली पूड. मग तिन्ही तापवायला घेतल्या. खोलीत जळक्या केसांचा वास पसरला. पूड काळवंडली, फुगली, कोळसा झाली. लेकीला वाटले झाले. आत्या म्हणाली, अजून तापव. कोळसाही जळून जाईपर्यंत तापवायचे असते, आणि नेमक्या याच टप्प्यावर जगातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना भूक लागते, असा तिचा अनुभव होता.

या अवधीत मालक दोनदा डोकावून गेले. दुसऱ्या खेपेस त्यांनी किती वेळ लागेल असे विचारले तेव्हा आत्याने त्यांच्याकडे न पाहता सांगितले की तू दार उघडतोस तेव्हा ज्योत हलते, आणि ज्योत हलली की आणखी वेळ लागतो.

पाऊण तासाने तिन्ही मुशी थंड झाल्या. दुसरीच्या तळाशी पांढरी खपली होती. तिच्यातला कण तारेच्या टोकावर धरताच ज्योत पिवळीधमक झाली. पहिली मूस रिकामी होती. तिसरीही रिकामी होती.

लेक त्या रिकाम्या मुशींकडे पाहत राहिली. सोडा जळत नाही. कितीही तापवला तरी मागे राहतो. म्हणजे पिंपात सोडा नव्हता. चिमूटभरसुद्धा नव्हता.

"पण मग फसफसलं ते काय?"

"ते नंतर. आधी मला सांग, डब्यातल्या पुडीवर आम्ल टाकलं होतंस?"

टाकले नव्हते. तो चोरीचा माल, तो शुद्धच असणार असे ती धरून चालली होती. आता थेंब टाकला. चोरीचा मालही फसफसला.

आत्याची आठी आणखी खोल गेली. चोर चांगला माल काढतो आणि मागे वाईट ठेवतो. हा कसला चोर, ज्याने वाईटातलाच वाटा काढून घेतला आणि पिंपाचे वजन मात्र काट्याला काटा राखले? शेवटी तिने हायड्रोक्लोराइडची पूड बशीत घेऊन थेंब टाकला. पूड शांतपणे भिजली. एकही बुडबुडा आला नाही.

"तोच दोरा, तीच गाठ, तेच कुलूप," आत्या म्हणाली. "माणसाचा हात दोन्ही पिंपांना लागला. बिघडला मात्र एकच. आता हे काम माणसाने केलं की दुसऱ्या कुणी, ते तू सांग. मी दमले."

५

लेकीने सांगितले, आणि सांगताना तिचा आवाज हळूहळू खाली गेला.

अमिनो आम्लाच्या प्रत्येक कणाला आम्लाचे एक अंग आणि आम्लारीचे एक अंग असते. ती दोन्ही बहुधा परस्परांना सावरून असतात. आर्जिनिनला मात्र आम्लारीचे आणखी एक अंग आहे, आणि ते फार बलवान आहे. त्याला जे आम्ल मिळेल ते धरून ठेवायचे असते. हायड्रोक्लोराइडमध्ये त्याला ते मिळालेले असते. तो क्षार आहे, तो तृप्त आहे, त्याला बाहेरून काही नको. मोकळे आर्जिनिन तसे नाही. त्याला हवेतला कर्बवायूसुद्धा पुरतो. दमट हवेत तो पाण्याशी मिळून अगदी दुर्बळ असे आम्ल होतो, आणि आर्जिनिन तेवढ्यालाही सोडत नाही. मग पुढे केव्हातरी ग्लुटामिक आम्लासारखे सबळ आम्ल येते, दुर्बळाला हुसकावून लावते, आणि पाच महिने साठलेला वायू दहा मिनिटांत टाकीतून बाहेर पडतो.

"हवा," लेक म्हणाली. "चोर नाहीच. नुसती हवा."

"नुसती हवा म्हणू नकोस. बंद पिंपात मावते ती हवा ओंजळभर. तेवढ्याने हे होत नाही. रोज नवी हवा हवी, आणि रोज नवी पूड वर यायला हवी." आत्याने पत्र्याचा डबा पुढे ओढला आणि आतला ढेप झालेला एक तुकडा मोडला. कडेला थर दिसले. कागदासारखे पातळ, एकावर एक, प्रत्येकाला आपली खपली. एकदम काढलेला माल असा बसत नाही. हा रोज चमचाभर साठत गेला होता. रोज दहाबारा ग्रॅम.

लेकीने मनातल्या मनात पाच महिन्यांचा हिशेब केला आणि पावणेदोन किलोंशी येऊन थबकली. ज्याने रोज चमचाभर माल काढला त्याचा पिंप आज सकाळी बरोबर चाळीस भरला होता. हवा घेऊन पूड जड होत गेली होती, आणि कुणीतरी तेवढाच भार रोज बाजूला काढीत होते.

"म्हणजे काका रोज..."

"हो. का, ते मला माहीत नाही. आणि तो माणूस सांगणार नाही." आत्या उठली. "सकाळपासून इथे प्रत्येक जण मी न विचारलेलं सांगतोय, आणि ज्याला विचारायचंय तो भिंत बघत बसलाय. साडेचार वाजले. चल."

६

कोठारात मालक लिफाफा घेऊन उभे होते. मुकादम दारात होता. साखऱ्याही चहा संपवून आला होता आणि प्रमाणपत्रे छातीशी धरून होता. आत्याने राखेचा प्रयोग, दोन पिंपांतला फरक आणि डब्यातले थर हे सगळे सावकाश, एकेक पायरी करून सांगितले. सोडा नाही, अदलाबदल नाही, बाहेर काही विकलेले नाही. मालकांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला.

उरली एकच गोष्ट, ती म्हणाली. पिंप कुणी उघडले आणि का. ते काकांनी सांगावे.

काका म्हणाले, "पिंप बंदच होता."

आत्याने त्यांना समजावले की तो बंद असता तर हे घडलेच नसते. पिंप रोज उघडला गेला, हीच त्यांच्या निर्दोषत्वाची खूण आहे. तेवढे ते बोलले की लिफाफा फाडला जाईल. काका भिंतीकडे पाहत म्हणाले की आपल्या ताब्यातला माल जसा आला तसाच राहतो, एकतीस वर्षे राहिला आहे. मालकांना चोरी लिहायची असेल तर लिहावी, आपण सही करू.

मालकांनी हतबल होऊन आत्याकडे पाहिले. मुकादम म्हणाला की काका, कमाल आहे तुमची. आणि आत्याच्या दिवसभर दाबलेल्या वैतागाला वाट मिळाली.

"तुम्हाला चोर व्हायचंय की चुकलेला माणूस व्हायचंय? दोहोंतलं एकच मिळेल. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, माझे गुडघे दुखतायत, आणि निर्दोष माणसानं स्वतःला दोषी ठरवण्यासाठी एवढा हट्ट केलेला मी आजवर पाहिला नाही."

काकांनी ओठ घट्ट मिटले. ते चोर व्हायला तयार होते. चोराचे कुलूप निदान शाबूत असते. हे त्यांनी तोंडाने म्हटले नाही, पण तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते दिसले.

तेव्हा लेक पुढे झाली. ती काकांच्या स्टुलाजवळ, त्या काट्यापाशी उभी राहिली.

"काका, सकाळी सोडा मी म्हटलं. ते चूक होतं. राख करून बघायला पाऊण तास लागतो, आणि तो मी वाचवला. तुमच्या कपाटात सगळ्यांनी हात घातले ते माझ्यामुळे. हे मी उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे."

काकांनी तिच्याकडे पाहिले, मग काट्याकडे, मग आपल्या हातांकडे.

"रोज उघडत होतो," ते म्हणाले.

मग बाकीचे आले, तुटक तुटक. वीस वर्षांपूर्वी एक सीलबंद पिंप आला होता. वर माल, खाली खडूची भुकटी. मालकांचे वडील काही बोलले नाहीत, नुसते त्यांच्याकडे पाहून निघून गेले. त्या दिवसापासून काकांनी बाहेरच्या सीलवर विश्वास ठेवला नाही. कोठारातला जो माल सर्वांत मोलाचा, तो ते रोज संध्याकाळी स्वतः उघडून पाहत. नुसते वरून नव्हे. लांब दांड्याच्या डावाने तळाची पूड वर आणायची, वरची खाली घालायची, मग दोरा, मग वजन. या नव्या पिंपांचेही पहिल्या दिवसापासून तेच चालले होते.

"दुसऱ्या आठवड्यात काटा वर गेला," काका म्हणाले. "मला वाटलं काटा बिघडला. दुसरा पिंप ठेवला तर तो बरोबर. कमी झालं असतं तर ओरडलो असतो, आत्याबाई. सगळ्यांना गोळा केलं असतं. जास्त झालं तर कुणाला सांगायचं? माणूस म्हणेल, यात काय मिसळलंस? म्हणून जास्तीचं काढून ठेवत गेलो. टाकलं नाही. कुणाचा माल टाकायचा नसतो."

साखऱ्याने तोंड उघडले आणि आत्याने त्याच्याकडे पाहताच पुन्हा मिटले. मुकादम जमिनीकडे बघत होता. मालकांनी लिफाफा फाडला नाही. त्यांनी तो घडी करून खिशात घातला आणि ते काकांना म्हणाले की उद्या वेळेवर या.

७

सगळे पांगल्यावर आत्याने मुकादमाला टाकीचे सांगितले. उरलेला माल वाया गेलेला नव्हता. ग्लुटामिक आम्ल डावाने नव्हे तर चमच्याने घालायचे, प्रत्येक वेळी फेस बसू द्यायचा, द्रावण ढवळत ठेवायचे. वायू निघून गेला की मागे काही राहत नाही आणि तयार होणारा क्षार तोच असतो. पुडीत आर्जिनिन किती उरले हे मापून आम्ल किती घालायचे ते मात्र आधी ठरवावे. ते लेक करील, आणि दोनदा करील. पिंपातला उरलेला पंचवीस किलो आणि डब्यातलाही याच रीतीने मार्गी लागेल. मुकादमाने विचारले की याला किती वेळ लागेल. आत्या म्हणाली, लागेल तेवढा, आणि चष्मा शोधू लागली.

चष्मा कोठारात राहिला होता. ती आत गेली तेव्हा काका हायड्रोक्लोराइडच्या पिंपापाशी उभे होते. दोरा सोडलेला होता. लांब दांड्याचा डाव हातात होता, पण त्यांनी तो पुडीत घातला नव्हता.

"उघडू नये ना?" त्यांनी विचारले.

आत्याला खरे तर घरी जायचे होते. गाडी बाहेर थांबली होती. तिने भिंतीला टेकून गुडघ्याला आराम दिला आणि म्हणाली की मी आहे, एकदा बघून घ्या.

काकांनी डाव खाली घातला आणि तळाची पूड वर आणली. ती मोकळी, कोरडी, सुटी होती. मिठासारखी सळसळत खाली पडली. त्यांनी चार बाजूंनी चार वेळा तसे केले. मग पिशवीचे तोंड बांधले, कडे बसवले आणि पिंप तिरका करून काट्यावर घेतला. काटा हलला, डोलला आणि स्थिरावला. काकांनी चष्मा वर करून आकडा वाचला. मग आत्यालाही वाचायला लावला.

"पंचवीस," ती म्हणाली. "चोख."

काका बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. त्यांचे खांदे सकाळपासून वर चढलेले होते, ते आत्ता खाली आले.

"मग एवढा तरी," ते म्हणाले, "माझ्या हातून नीट राखला गेला."

छत्तीस वर्षांत आत्याने चुकीचे विधान कधी तसेच जाऊ दिले नव्हते. तो पिंप काकांनी राखला नव्हता. त्यातल्या आर्जिनिनला त्याचे आम्ल आधीच मिळालेले होते, आणि काकांनी तो दिवसातून दहा वेळा उघडला असता तरी त्याने हवेकडे ढुंकून पाहिले नसते. हे सांगायला तिला एक वाक्य पुरले असते. ते वाक्य तिच्या ओठांवर आलेही.

"हो," ती म्हणाली. "राखलात."

आणि मग, गाडीत बसेपर्यंत, तिच्या कपाळावरची आठी कुणालाच दिसली नाही.